सॅक, चोरखिसा आणि खताची चुंगडी: कमी पैशात फिरताना सामान कसं सांभाळायचं

पहिले एक सांगून टाकतो, मी काही मोठा ट्रॅव्हलर वगैरे नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, घरी कापूस-तूर, आणि शेतातल्या कामाला थोडी उसंत मिळाली की सॅक पाठीवर टाकायची अन् निघायचं. चिखलदरा, लोणार, शेगाव, रामटेक, मार्कंडा, कधी रेल्वेच्या स्लीपरनं राज्याबाहेर. आता गावातली पोट्टी विचारतात, दादा आम्हाले पण जायचं आहे पण घरचे म्हणून राहिले की सामान चोरी जाईन, फोन जाईन, मंग काय करशीन. एकेकाला सांगण्यापेक्षा लिहूनच टाकतो म्हटलं. पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी आहे हे, ज्यांना दहा वर्षं झाली फिरून त्यांनी हसू नये.

तर आजवर माझं काय काय गेलं त्याचा हिशोब आधी. तीन चार्जर, एक चप्पल जोडी, टॉवेल तर मोजलेच नाहीत, एक पाण्याची स्टीलची बाटली, एक पाकीट. यातलं चोरानं नेलं फक्त पाकीट. चपला कुत्र्यांनी नेल्या, बाकी सगळं मीच विसरलो, कुठं खिळ्याला लटकवून, कुठं प्लगला लावून. म्हणजे चोराची भीती घाला मनात, पण त्याच्या दुप्पट स्वतःची घाला. आणि सामान जातं ते बहुतेक एकाच टाइमाला, गाडी बदलताना, उतरताना, घाईत, भूक लागली असताना, झोप अनावर झाली असताना. खाली जे जे सांगतो ते सगळं त्या पाच-दहा मिनिटांसाठीच आहे असं समजा.

निघायच्या आधी

बॅग किती मोठी घ्यायची याचं माझं माप सोपं आहे. एसटीच्या सीटवर बसल्यावर मांडीवर मावली पाहिजे. नाही मावली तर ती रॅकवर जाते, रॅकवर नाही मावली तर मागं डिक्कीत जाते, आणि नजरेआड गेलेली बॅग म्हणजे दर स्टॉपला मान मोडेपर्यंत मागं वळून पाहणं. ३० ते ४० लिटरची सॅक चार-पाच दिवसांना भरपूर होते. ऑनलाइन ते नंबरवालं कुलूप, कापता न येणारा पट्टा, अलार्मवाली चेन असं लय काही दाखवतात, त्यातलं मी फक्त एक साधी चेन आणि एक छोटं कुलूप घेतलं आहे, तेही तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानातून. दोन चाब्या येतात, एक गळ्यातल्या दोऱ्यात, दुसरी सॅकमध्ये नाही ठेवायची रे बाबा, ती सोबत्याकडे. एकटे असाल तर चोरखिशात.

आता चोरखिसा. यासाठी मी आग्रहच करीन. आमचा आबाजी कापूस विकून यायचा तेव्हा पैसे बंडीच्या आतल्या खिशात असायचे, वरच्या खिशात फक्त तंबाखूची डबी आणि चहापुरती चिल्लर. बाजारात कोणी त्याच्या वरच्या खिशात हात घातला असता तर चुना हाती लागला असता. आजीचं तेच, कनवटीला. तुम्ही जी मनीबेल्ट का काय ती शोधून राहिले ना ऑनलाइन, ती हीच. गावच्या टेलरकडे फिरायची पँट घेऊन जा आणि सांगा की कमरेच्या पट्टीच्या आतून, समोरच्या बाजूनं, डाव्या हाताला खिसा लावून दे, पाचशेची नोट एकदा दुमडून आणि आधार कार्ड बसलं पाहिजे एवढा. मागच्या बाजूनं नको, बसलं की टोचतं आणि तिथं काय चाललं ते कळत पण नाही. तोंड वरून. बटण लावलं तर दर वेळी खटपट, मी जुन्या दप्तराची चेन काढून दिली होती, ती बेस्ट. पोरींसाठी कुर्त्याच्या आतून किंवा लेगिंग्जच्या पट्टीत हाच खिसा होतो, माझ्या बहिणीनं तर घरीच शिवला. आणि आतलं सगळं एका छोट्या प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून ठेवा, कारण मे महिन्यात आपल्याकडे ४५ डिग्रीत घामानं नोटांचा लगदा होतो, मी सुकवल्या आहेत पंख्याखाली.

पैसे तीन ठिकाणी. दिवसाचा खर्च वरच्या खिशात, समजा तीनशे-चारशे. मोठी रक्कम चोरखिशात. आणि घरी परत यायच्या भाड्याएवढे पैसे सॅकमध्ये कुठंतरी अशा जागी की तुम्ही स्वतः पण विसराल, मी मोज्याच्या जोडीत ठेवतो. चोरखिसा चारचौघात उघडायचा नाही, हा नियम पाळा. पैसे संपले की संडासात जा, आतून काढा, वरच्या खिशात टाका, मग बाहेर या. लोकं चोरखिसा शिवून घेतात आणि मग तिकीट काउंटरवर सगळ्यांसमोर पँटमध्ये हात घालून पैसे काढतात, मग काय फायदा.

कोणी म्हणेल आता तर सगळं फोनवरच होते, कॅश काहून पाहिजे. मेळघाटात जाऊन पाहा मग. परतवाडा सोडून घाट चढायला लागलं की नेटवर्क येते-जाते करते, आतल्या गावात तर नावच नको, आणि चहावाला बिचारा स्कॅनर लावून बसला असला तरी पैसे जाणार कसे. परतवाड्याला किंवा धारणीला एटीएममधून काढून घ्यायचे आणि मगच आत जायचं.

फोनचं काम घरीच करून निघा, हे अर्ध्या तासाचं आहे पण याच अर्ध्या तासाचा सगळ्यांना आळस. एक, *#०६# डायल करा, १५ आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे फोनची स्वतःची ओळख, येतो, दोन सिमवाल्या फोनचे दोन येतात, ते कागदावर लिहून घरी ठेवा. दोन, सिमला पिन लावा. स्क्रीनलॉक सगळेच लावतात, पण चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकतो आणि ओटीपी त्याच्याकडे जायला लागतात, हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. सेटिंगमध्ये सिम लॉक म्हणून असते, फक्त कंपनीचा मूळ पिन काय आहे तो कस्टमर केअरला आधी विचारा, अंदाजे टाकू नका, तीनदा चुकला की पीयूके, म्हणजे सिम उघडायचा दुसरा कोड, मागतो आणि निघायच्या दिवशी सिम बंद. तीन, लॉक असलेल्या स्क्रीनवर मेसेज दिसणं बंद करा. चार, यूपीआय अशा खात्याला जोडा ज्यात प्रवासापुरतेच पैसे आहेत. कापसाचे पैसे ज्या खात्यात येतात ते खातं फोनमध्ये घेऊन गर्दीत फिरू नये. यूपीआय लाइटला पिन लागत नाही म्हणून त्यात शे-दोनशेच ठेवा.

कागदपत्रं म्हणाल तर सरकारच्या डिजिलॉकर अॅपमध्ये आधार आणि लायसन काढून ठेवा. रेल्वेत टीसीला डिजिलॉकरमधलं चालतं, पण ते 'इश्यूड' भागातलं पाहिजे, आपण स्वतः फोटो काढून अपलोड केलेलं चालत नाही. ओरिजिनल एकच सोबत, चोरखिशात. लॉजवर द्यायला झेरॉक्स ठेवा दोन-तीन, आणि देताना त्याच्यावर पेनानं आडवं लिहा की फक्त राहण्यासाठी, आणि तारीख. लॉजवाला तोंड वाकडं करतो कधी कधी, करू द्या. आधारच्या साइटवर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार मिळतं, ते अजून बरं.

आणि सॅकच्या आत एक चिठ्ठी. नाव, गाव, आणि घरच्या कोणाचा तरी फोन नंबर. आपला नंबर नाही! फोन त्याच बॅगेत असला तर सापडवणारा बिचारा फोन लावील आणि बॅगच वाजेल. ही चिठ्ठी मला कशी कामी आली ते पुढं येतंच.

शेवटची वस्तू खताची चुंगडी, म्हणजे पोतं. युरियाची रिकामी चुंगडी दोन-तीन पाण्यानं धुवा, दिवसभर उन्हात ठेवा म्हणजे वास जातो, आणि घडी करून सॅकमध्ये टाका. कधी लागते ते काळीपिवळीच्या, म्हणजे शेअर जीपच्या, भागात सांगतो.

एसटीत

एसटी आपली लालपरी, स्वस्त, आणि बाईमाणसांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, त्यामुळं फिरायला हीच. ४ दिवसाचा आणि ७ दिवसाचा 'आवडेल तेथे प्रवास'चा पास पण मिळतो, तो काढला तर चोरखिशातच ठेवायचा, हरवला म्हणजे पैसे गेले समजा.

खिडकीतून दस्ती, म्हणजे रुमाल, टाकून जागा धरणं आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. दस्ती टाका, दुपट्टा टाका, पण बॅग टाकू नका. मी टाकली होती. तालुक्याच्या स्टँडवर उभा, अमरावतीची गाडी लागणार म्हणून पब्लिक दोन नंबरच्या फलाटाकडे पळाली, मी पण पळालो, खिडकी उघडी दिसली, सॅक आत ढकलली सीटवर, आणि दरवाजाकडे गेलो तर तिथं ही रेटारेटी, एक बाई कोंबड्यांची टोपली घेऊन मधात अडकलेली, कंडक्टर ओरडून राहिला. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणलं अमरावती तीन नंबरले लागली ना बे, आणि अर्धी पब्लिक तिकडे वळली, मी पण लोंढ्यासोबत वळलो, चढलो, उभं राहायला जागा मिळाली, गाडी निघाली, आणि गाव सुटल्यावर लक्षात आलं की माझ्या पाठीवर काहीच नाही. सॅक पुसदच्या गाडीत.

पुढच्या स्टॉपला उतरलो, ऑटोनं परत. स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत गेलो तर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि शांतपणे म्हणले, "तूच का तो? तुह्या बापाचा फोन येऊन गेला." पुसदच्या गाडीतल्या कंडक्टरनं बेवारस बॅग पाहून वरची चेन उघडली, चिठ्ठी सापडली, घरी फोन लावला. घरी मी सांगितलं होतं की मामाच्या गावाला चाललो. संध्याकाळी परतीच्या गाडीनं सॅक आली, जशीच्या तशी, आणि बाप पण आला न्यायला. चिखलदरा त्या खेपेला राहिलाच.

तर यातून घ्यायचं ते असं की बॅग आणि आपण एकाच दारातून चढायचं. जागा नाही मिळाली तर उभं राहायचं. तिकीट फेकायचं नाही, त्याच्यावर तारीख-वेळ, कुठून कुठं हे सगळं छापलेलं असतं, बॅग राहिलीच गाडीत तर कंट्रोलरला ते दाखवलं की तो पुढच्या स्टँडला लगेच फोन लावू शकतो, नाहीतर तुम्ही नुसतं लाल गाडी होती म्हणून सांगाल, तर सगळ्याच लाल आहेत. रॅकवर ठेवायची वेळ आली तर आपल्या डोक्यावर नको, समोरच्या रॅकवर, पलीकडच्या बाजूला, म्हणजे मान वर न करता दिसते. सॅकचा पट्टा रॅकच्या गजाला एक वेढा देऊन अडकवा. जेवणासाठी गाडी थांबली की उतरताना बॅग सोबत. शेजारच्या आजीला लक्ष ठेवा म्हटलं तर ती ठेवते पण, पण ती मधात उतरून गेली तर?

गर्दीत चढताना सॅक पाठीवर नाही, पोटावर घ्यायची. दिसायला येड्यासारखं दिसते, दिसू द्या. माझं पाकीट गेलं ते चढतानाच, मागच्या खिशातून, एका यात्रेच्या दिवशी, दोनशे साठ रुपये आणि लायब्ररीचं कार्ड. मागच्या खिशात दस्तीशिवाय काहीच ठेवायचं नसते हे मला बापानं हजारदा सांगितलं होतं.

काळीपिवळीत

जिथं एसटी दिवसातून दोनदाच जाते तिथं काळीपिवळी. आत बारा-पंधरा माणसं, त्यामुळं तुमची सॅक टपावर जाणार, यात वाद घालून उपयोग नाही. इथं चुंगडी काढायची. अख्खी सॅक चुंगडीत घालायची, तोंड सुतळीनं बांधायचं, आणि वर चढवायची. धूळ नाही लागत, पाऊस आला तर बराच वेळ टिकते, पट्टे दोरीत अडकत नाहीत, आणि मुख्य म्हणजे टपावर ती तुरीच्या चुंगड्यांमध्ये एक चुंगडी होऊन जाते, कोण उचलणार. ब्रँडेड लालभडक सॅक दुरून ओरडून सांगते की माझ्यात सामान आहे.

पण खूण करा! माझ्या मित्राची चुंगडी एका काकांनी हरभऱ्याचं बी समजून नेली, खांद्यावर टाकून पार वावराच्या धुऱ्यापर्यंत, मागं पळत जाऊन आणावी लागली. तोंडाला लाल कापडाची चिंधी बांधा. फोन, पैसे, चार्जर, गोळ्या हे सगळं टपावर जायच्या आधी काढून एका छोट्या थैलीत, ती मांडीवर. आणि दर वेळी गाडी थांबली, कोणी टपावर चढलं, की खिडकीतून डोकं काढून पाहायचं. ड्रायव्हर चिडत नाही, सगळेच पाहतात.

रेल्वेत

बडनेरा, अकोला, शेगाव ही सगळी मुंबई-हावडा लाइनवर, त्यामुळं आपल्याकडून लांब जायला गाड्या भरपूर आणि बहुतेक रात्रीच्या. स्लीपरमध्ये खालच्या बर्थच्या खाली लोखंडी कड्या असतात, चेन त्याच्यासाठीच. चेन सॅकच्या वरच्या हॅंडलमधून घेऊ नका, ते ब्लेडनं कापलं जाते, दोन्ही खांद्याच्या पट्ट्यांमधून घ्या. वरचा बर्थ असेल तर सॅक उशाशी, पट्टा दंडात अडकवून. बूट पन्नीत घालून सॅकमध्ये किंवा उशाशी. याच्यावर लोकं हसतात. एका मित्राची सॅक चेननं बांधलेली होती व्यवस्थित, सकाळी बडनेऱ्याला उतरला तर पायात काही नाही, बूट गेले, आणि बाहेर मे महिन्यातलं डांबर.

फोन चार्जिंगला लावून झोपणं म्हणजे दान करणं. पॉवरबँक आणि फोन दोन्ही थैलीत, थैली पोटाशी, असं चार्ज होऊ द्या. खिडकीशी किंवा दारात उभं राहून फोनवर बोलायचं नाही, विशेषतः गाडी स्टेशनाबाहेर हळू होते तेव्हा. कोणी अनोळखी माणसानं दिलेलं बिस्कीट, चहा, थंडा गाडीत घ्यायचा नाही, आताच जेवलो म्हणून हात जोडायचे. गावात कोणाच्या घरी बसलो, त्यांनी चहा ठेवला, भाकर वाढली, तिथं नाही म्हणू नका, ती वेगळी गोष्ट, तिथं नाही म्हटलं तर माणूस दुखावतो.

आता एक खरी गोष्ट, कोर्टातली. एक प्रवासी रिझर्व्हेशनच्या डब्यातून चालला होता, कमरेला कापडी पट्टा, त्यात एक लाख रुपये, म्हणजे आपला चोरखिसाच म्हणा ना. झोपेत गेले. ग्राहक मंचानं रेल्वेला भरपाई द्यायला लावली होती, पण जून २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की प्रवासी स्वतःजवळचं सामान सांभाळू शकला नाही तर त्याला रेल्वे जबाबदार नाही. म्हणजे बुक करून पावती घेतलेलं लगेज वेगळं, सोबतच्या सामानाचे मालक आपणच. म्हणून रात्रीच्या गाडीत मोठी कॅश नेऊच नका, चोरखिसा असो का काही असो. उतरल्यावर एटीएम.

दिवसभर शहरात फिरायचं आहे आणि सॅक नको, तर मोठ्या स्टेशनावर अमानती सामानघर असतं. बॅगेला कुलूप पाहिजे, उघडी बॅग घेत नाहीत, तिकीट दाखवावं लागते, आणि पावती सांभाळायची.

छोट्या गावात सामानघर कुठलं. तिथं माझी पद्धत अशी: स्टँडजवळचं हॉटेल किंवा पानठेला पाहायचा, जिथं मालक स्वतः गल्ल्यावर आहे आणि ठेला पक्का आहे. पहिले पोहे खायचे, चहा प्यायचा, पैसे द्यायचे. मग गावाचं नाव सांगून बोलायचं, कोणी ना कोणी ओळखीचं निघतेच, विदर्भ तसा एका मांडवातला. मग विचारायचं काका बॅग ठेवू का दोन तास. बंद किती वाजता करता हे नक्की विचारा, मी एकदा सहाला आलो तर ठेला पाचलाच बंद, बाजाराचा दिवस नव्हता म्हणून, आणि रात्री त्यांच्या घरी शोधत गेलो. तिथंच जेवलो, ते सोडा. कुलूप लावूनच ठेवायची आणि आत फोन-पैसे नाही, म्हणजे त्यांच्यावर पण जबाबदारी नको.

मुक्काम

भक्तनिवास, धर्मशाळा, लॉज, शाळेचा वऱ्हांडा, समाजमंदिर, यात काही पण चालते. शेगावला भक्तनिवासात स्वच्छ आणि स्वस्त राहणं होते, आयडी लागतेच. खोली मिळाली की बाहेरच्या कडीला त्यांचं कुलूप न लावता स्वतःचं लावा, आणि खिडकीला गज आहेत का पाहा, गज असले तरी खिडकीजवळ सामान नको, काठीनं ओढतात. एका लॉजवर माझी सॅक आम्ही जेवायला गेलो तेव्हा उघडली गेली होती, काही गेलं नाही कारण वर सगळे घाणेरडे मोजे होते, तेव्हापासून वर मुद्दाम तेच ठेवतो.

हॉलमध्ये सगळ्यांसोबत झोपायचं असेल तर भिंतीकडे सॅक, मग आपण, आणि पट्टा पायात. कुटुंबवाल्या लोकांच्या बाजूला जागा धरा, त्यांच्यातली एखादी आजी रात्रभर जागीच असते.

गावात तंबू टाकायचा तर आधी पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना जाऊन भेटा. परवानगी म्हणून नाही फक्त, एकदा त्यांना माहीत झालं की पाहुणे आहेत, तर अख्खं गावच राखण करते. न सांगता धुऱ्यावर तंबू टाकला तर तुम्हीच चोर ठरता, रात्री टॉर्च घेऊन लोक येतात. जंगलाच्या हद्दीत तंबू टाकायचाच नाही, तिथं वनखात्याचे नियम आहेत आणि अस्वलं पण आहेत. तंबूला कुलूप म्हणजे गंमत आहे, कापड आहे ते. सॅक आत डोक्याशी, चपला आत. चपला बाहेर ठेवल्या तर कुत्रे नेतात, माझी जोडी तशीच गेली, एक सापडली, एक नाही.

सकाळी निघताना दारात उभं राहून मागं वळा आणि मोठ्यानं म्हणा: फोन, चार्जर, टॉवेल, चष्मा, चाबी. बोटं मोजत. भिंतीवरचा खिळा पाहा, प्लग पाहा, दाराच्या मागं पाहा, उशी उचला. हे केल्यापासून माझा एकही चार्जर गेला नाही.

देऊळ, यात्रा, नदी आणि वांदरं

यात्रेत, म्हणजे महाशिवरात्रीला मार्कंड्याला किंवा विजयादशमीला दीक्षाभूमीवर, एवढी गर्दी की चालावं लागतच नाही, लोकच नेतात. तिथं सॅक नेऊच नका, आधी कुठंतरी ठेवून या. भाऊ तुमचे पैसे पडले, शर्टाला काहीतरी लागलं, असं कोणी म्हणलं की पहिले हात चोरखिशाच्या जवळ नाही, हातातल्या थैलीवर. चोरखिसा चाचपून पाहायची सवय लय वाईट, चोर तेच पाहत असतो की हा कुठं हात लावून राहिला.

मार्कंड्याला वैनगंगेत उतरायचं तर पाळीपाळीनं. एकटे असाल तर घाटावर पूजेचं सामान विकणाऱ्या मावशीजवळ थैली ठेवा, तिच्याकडूनच नारळ घ्या. आणि चोरखिशातलं सगळं काढल्याशिवाय त्याच पँटनं डुबकी मारू नका, हे मी केलेलं आहे.

वांदरं म्हणजे वेगळंच प्रकरण. रामटेकच्या गडावर पन्नीचा आवाज झाला की संपलं. त्यांना तुमच्या फोनशी घेणं नाही, पण ज्या थैलीत फुटाणे आहेत त्याच थैलीत फोन असेल तर थैली झाडावर. खाणं वेगळं, सामान वेगळं. नेलंच तर मागं पळू नका, दगड मारू नका, दुसरं काहीतरी खायचं लांब टाका, बहुतेक वेळा हातातलं सोडते.

सेवाग्रामला मात्र मी निवांत असतो, झाडाखाली बसतो, पण तिथूनही खुद्द बापूंचा चष्मा चोरीला गेल्याची बातमी २०११ मध्ये आली होती. आता बोला.

गेलंच तर

घाबरून इकडे तिकडे पळायच्या आधी पाच मिनिटं एका जागी बसा आणि शेवटचं कुठं पाहिलं ते आठवा. एसटीत राहिलं असेल तर कंट्रोलर. मग खरंच चोरी आहे असं वाटलं तर या क्रमानं:

१. पैशाचा धोका पहिले बंद. कोणाचा तरी फोन मागा, बँकेच्या हेल्पलाइनवर खातं-कार्ड-यूपीआय ब्लॉक करा. पैसे कटले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच, जेवढा उशीर तेवढे पैसे पुढं सरकत जातात. म्हणून बँकेचा नंबर आणि घरचे दोन नंबर कागदावर लिहून चोरखिशात ठेवा, आजकाल कोणाला पाठ असतात.

२. सिम बंद करा, आणि त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम काढा.

३. पोलिसात जा. रेल्वेत असाल तर गाडीतून उतरायची गरज नाही, १३९ वर फोन करा किंवा टीसीला, गाडीतल्या पोलिसाला सांगा, तक्रार तिथंच घेतात. इतर ठिकाणी ११२. आमची हद्द नाही असं कोणी म्हणलं तर नम्रपणे सांगा की साहेब झिरो एफआयआर घ्या, म्हणजे हद्द कोणाची पण असो तक्रार इथंच, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम १७३ मध्ये, ते लिहिलेलं आहे. आणि एक बारीक गोष्ट, चोरी झाली असेल तर कागदावर 'चोरी'च लिहून घ्या, 'गहाळ' नाही. खरंच हरवलं असेल तर गहाळची नोंद महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर ऑनलाइन पण होते. कॉपी घेतल्याशिवाय उठू नका.

४. ती कॉपी, आयएमईआय आणि डुप्लिकेट सिमवर येणारा ओटीपी, हे तीन घेऊन सरकारच्या संचार साथीच्या साइटवर फोन ब्लॉक करा. मे २०२३ पासून हे देशभर चालू आहे, ब्लॉक झाला की कोणत्याच कंपनीचं सिम त्यात चालत नाही. फोन सापडला तर तिथूनच अनब्लॉक पण होतो. म्हणून तो १५ आकडी नंबर घरी कागदावर पाहिजे म्हटलं होतं.

५. घरी फोन करा. खरं सांगा. मोज्यातल्या पैशानं परत या.

परत आल्यावर चिठ्ठी सॅकमध्येच राहू द्या, चोरखिसा उसवू नका, पण पँट धुवायला टाकायच्या आधी तो रिकामा केला का ते पाहा, आमच्या मायनं एकदा पाचशेची नोट साबणासकट बडवली. आणि चुंगडी झटकून कोठ्यात जिथली तिथं ठेवून द्या, तूर काढायच्या टाइमाला ती सापडली नाही की पुढच्या वेळी कोणी जाऊ देत नाही.